कामूरास्कात नव्याने येताय? आधी नदी वाचा, मग आकडे

घर मिळालं म्हणून मी पेणला आईला फोन केला होता. ‘नदीकाठचं गाव आहे, कामूरास्का नाव.’ पहिल्या सकाळी पडदा सरकवला तर समोर स्प्रूसची झाडं, टेकडी आणि बर्फ. नदी कुठेच दिसेना. घरमालकाने काही खोटं सांगितलं नव्हतं. त्याचं कामूरास्का वेगळं होतं, माझ्या डोक्यातलं वेगळं. त्या दोन्हींत अर्ध्या तासाचा रस्ता आहे, आणि हिवाळ्यात तो अर्धा तास फार लांबतो.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर सहाशेच्या आसपास वस्तीचं हे फ्रेंच बोलणारं गाव आहे. नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराची बदली यामुळे आपली माणसं आता मॉन्ट्रियलच्या पलीकडेही येऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी लोकसंख्येचे तक्ते पाहिले, नकाशा नंतर, नदी सगळ्यात शेवटी. तुम्ही उलट करा.

पायरी १ : कोणतं कामूरास्का, ते लेखी विचारून घ्या

पनवेलचा माणूस ‘मी रायगडचा’ म्हणतो तेव्हा तो किल्ल्यावर राहत नसतो. इथेही तसंच आहे. कामूरास्का हे गावाचं नाव, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेल्या वस्तीचं. आणि कामूरास्का हे ‘एमआरसी’चंही नाव. एमआरसी म्हणजे आपल्या तालुक्याच्या आकाराचा घटक; पण तिथे तहसीलदार नसतो, सभासद गावांचे महापौर एकत्र बसून कारभार पाहतात. या एमआरसीत १७ नगरपालिका आहेत. काही नदीवर, काही आत अपालाशियन डोंगरांच्या उतारावर. मुख्य ठिकाण सँ-पास्काल, कामूरास्का गाव नव्हे. या सगळ्यावर बा-सँ-लोराँ हा प्रशासकीय विभाग, त्यात अशा आठ एमआरसी.

गोंधळात भर म्हणजे शेजारच्या कित्येक गावांच्या नावांना ‘द कामूरास्का’ असं शेपूट आहे : सँतांद्रे, सँत-एलेन, सँ-ब्रुनो, सँ-जोसेफ. जाहिरातीत पुढचं नाव गळतं आणि शेपूट तेवढं उरतं. पोस्टाच्या कोडचं दुसरं अक्षर शून्य असेल तर पत्ता ग्रामीण, एवढंच कळतं. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : या घराचा मालमत्ता कर कोणत्या नगरपालिकेत भरला जातो? त्याच नगरपालिकेचा बर्फ काढणारा ट्रॅक्टर तुमच्या दारी येणार, कचऱ्याचं वेळापत्रक तिचं आणि मतदानही तिथेच.

पायरी २ : दिशा नदीला विचारा

नकाशात उत्तर वर असते. इथल्या बोलण्यात नदी जिथून येते ती बाजू वर आणि जिकडे जाते ती खाली. सेंट लॉरेन्स ईशान्येकडे, समुद्राकडे वाहते. त्यामुळे नैऋत्येला असलेल्या क्यूबेक शहरात जायचं असेल तर इथला माणूस ‘वर जातो’ म्हणतो, आणि या सगळ्या प्रदेशाला ‘बा-द्यु-फ्लव्ह’ म्हणतो, म्हणजे नदीचा खालचा भाग. आपण घाटावर जातो नि कोकणात उतरतो, त्यातलंच हे. मला हे कळायला वेळ लागला नाही, पण उत्तरेकडे निघालेला माणूस ‘खाली चाललो’ म्हणाला की सुरुवातीला डोकं गरगरतंच.

गावाचं तोंड वायव्येला आहे. म्हणून सूर्य पाण्यात मावळतो, आणि समोरच्या काठावर, वीसेक किलोमीटर पलीकडे, शार्लव्वाचे डोंगर निळे दिसतात. इथल्या मावळतीची ख्याती दूरवर आहे. पण घर घेताना याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या : हिवाळ्यातलं वारं त्याच बाजूने येतं. नदीकडच्या खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत ना, फटी बुजवल्या आहेत ना, ते हात लावून पाहा.

रस्तेही नदीला समांतर लावलेत. १३२ क्रमांकाचा जुना रस्ता काठाकाठाने जातो. गावात शिरला की त्याचंच नाव ‘अव्हेन्यू मोरेल’ होतं. महामार्ग २० आतून जातो. त्यावरच्या बाहेर पडायच्या वाटांचे क्रमांक म्हणजे किलोमीटर असतात, आणि गणती ऑन्टारियोच्या सीमेपासून सुरू होते. कामूरास्काची वाट ४६५. यावरून अंतराचा अंदाज बांधायला शिका. मोबाइलला रेंज नसेल तेव्हा उपयोग होतो.

पायरी ३ : भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय काठावर उतरू नका

याला नदी म्हणतात खरं, पण जुनी माणसं सहज ‘ला मेर’, समुद्र, म्हणून जातात. त्यांचं बरोबर आहे. इथे गोडं पाणी आणि अटलांटिकचं खारं पाणी एकमेकांत मिसळतं. भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांचा असतो, उधाणाला त्याहूनही जास्त. ओहोटीला काठापासून दूरवर गाळाचं मैदान उघडं पडतं. त्याला ‘बातुर’ म्हणतात. ते सपाट आणि निरुपद्रवी दिसतं, पण गाळ पाय धरून ठेवतो आणि पाणी मागच्या ओहोळांतून आधी भरतं. कॅनडाचं मत्स्य व महासागर खातं रोजच्या भरतीच्या वेळा जाहीर करतं. त्या फोनमध्ये ठेवा. मुलं असतील तर फ्रिजवर लावा.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे, त्यावर येते.

गावाबाहेर १३२ वर सँतांद्रेच्या दिशेने जाताना रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये हिरवी शेतं लागतात. शेतांच्या टोकाला गवत उगवलेला मातीचा लांबलचक बांध, बांधापलीकडे खारट दलदल, मग बातुर, मग नदी. पहिल्यांदा मी तिथे गाडी थांबवून उतरले आणि बघतच राहिले. ही तर आमची खारेपाटातली खारबंदिस्ती! बांधाखाली ठरावीक अंतरावर पाट, आणि त्याच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप. ओहोटीला शेतातलं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आतून ढकलतं, झडप उघडते, पाणी नदीत जातं. भरती आली की बाहेरचं पाणी झडपेवर दाबतं आणि ती बंद होते. खारं पाणी आत येत नाही. काही हंगामांनी जमिनीतला क्षार धुऊन जातो आणि शेती करता येते. आम्ही त्या झडपेला उघाडी म्हणतो. इथे ‘क्लापे’ म्हणतात आणि सगळ्या बांधकामाला ‘आब्वातो’. अकेडियन, म्हणजे अटलांटिक काठच्या फ्रेंच वसाहतीतल्या, लोकांनी सतराव्या शतकात फंडीच्या उपसागराकाठी हे तंत्र रुळवलं होतं. गोव्याच्या खाजनातली, म्हणजे तिथल्या खारजमिनीतली, ‘मानस’ ही झडप पाहिलेल्या माणसाला तर समजावूनही सांगावं लागणार नाही.

नव्या माणसाने यातून काय घ्यायचं? बांधावरून चालता येतं, बरेच जण चालतात, पक्षी पाहायला ती उत्तम जागा आहे. पण बांध कुणाच्या तरी शेताचं रक्षण करतो आहे. कडेने खणू नका, गाडी चढवू नका. बांधाला खांड गेली की काय होतं ते पेणच्या माणसाला ठाऊक असतं. ६ डिसेंबर २०१० ला वादळ आणि मोठी भरती एकाच वेळी आली तेव्हा बा-सँ-लोराँच्या किनाऱ्यावर घरांचंही मोठं नुकसान झालं. म्हणून काठावरचं घर घेताना ते पूर आणि धूप यांच्या पट्ट्यात येतं का, हे नगरपालिकेत विचारा. तो प्रश्न तिथे रोजचाच आहे, विचारायला संकोच नको.

शरद ऋतूत काठाला काटकोनात गाळात रोवलेलं कुंपण दिसेल. ते वाम माशासाठी. अमेरिकन वाम वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राकडे निघते. जाताना ती काठाकाठाने जाते, कुंपणाला अडते आणि टोकाच्या पिंजऱ्यात शिरते. ओहोटीला कोळी जाऊन ती काढतात. पूर्वी हा कामूरास्काचा मोठा धंदा होता. नद्यांवरची धरणं आणि इतर कारणांनी वाम घटली, कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये तिला धोक्यातली जात ठरवलं, आणि मासेमारी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. धुरावलेली वाम मिळाली तर जरूर घ्या. मी ती कोकम घालून केली होती. शेजारच्या काकूंनी पातेलं रिकामं करून परत पाठवलं.

पायरी ४ : शेतांच्या पट्ट्या आणि खडक

उपग्रहाच्या नकाशात गाव पाहा. शेतं अरुंद आणि लांबच लांब, सगळी नदीला काटकोनात, जणू पंचाच्या दशा. १६७४ मध्ये ही जमीन ओलिव्हिए मोरेल द ला द्युराँताय याला सरंजामी हक्काने मिळाली. मुख्य रस्त्याला त्याचंच नाव आहे. त्या काळी प्रत्येक कुळाला नदीवर तोंड हवं होतं, कारण रस्ते नव्हते, नदीच रस्ता होती. म्हणून पट्ट्या पाडल्या. पहिली रांग भरली की मागे दुसरी रांग. या रांगेला ‘राँ’ म्हणतात. सरंजामी पद्धत १८५४ मध्ये गेली, पट्ट्या तशाच राहिल्या, आणि पत्त्यांमध्ये ‘राँ’ अजून आहे. तुमचा पत्ता ‘राँ’चा असेल तर शेजारचं घर दिसेल, पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर असेल.

सपाट शेतांतून मध्येच उभे राहिलेले, झाडांनी माखलेले खडक दिसतात. त्यांना इथे ‘काबूराँ’ म्हणतात. हे कठीण क्वार्ट्झाइटचे आहेत. हिमयुग सरल्यावर बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी इथे गोल्डथ्वेट समुद्र पसरला होता आणि हे खडक त्यातली बेटं होती. आजची शेतं म्हणजे त्या समुद्राच्या तळाचा चिकण गाळ. नदीतली कामूरास्काची बेटं आणि शेतातले हे खडक एकाच घराण्यातले. काहींच्या भोवती पाणी राहिलं, काहींच्या भोवतीचं ओसरलं. पाऊस पडला की चिकणमाती कशी धरते ते बूट सांगतील.

जमिनीबद्दल अजून एक. हा पूर्व कॅनडातला सगळ्यात जास्त भूकंप होणारा पट्टा आहे. २८ फेब्रुवारी १९२५ ला ६.२ तीव्रतेचा मोठा धक्का बसला होता. बहुतेक धक्के जाणवतही नाहीत, पण जड कपाट भिंतीला बांधा आणि विम्यात भूकंप धरला आहे का, ते वाचा. साध्या घरविम्यात तो सहसा नसतो.

नावाचा अर्थ मला फार आवडतो. कामूरास्का हा आल्गोंकिन या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, ‘पाण्याकाठी जिथे लव्हाळी आहेत ती जागा’. फ्रेंच यायच्या आधी या काठाने वुलास्तोक, म्हणजे मालिसीट, या मूळ रहिवाशांचा वावर होता, आणि त्यांचं राष्ट्र आजही याच विभागात आहे. गावाचा इतिहास सांगताना १६७४ पासून सुरुवात करण्याची सवय आहे. ती सवय तुम्ही लावून घेऊ नका.

पायरी ५ : मग लोकसंख्येचा तक्ता उघडा

कॅनडात दर पाच वर्षांनी, १ आणि ६ ने संपणाऱ्या वर्षी, मे महिन्यात जनगणना होते. सांख्यिकी खात्याच्या संकेतस्थळावर ‘जनगणना प्रोफाइल’मध्ये गावाचं नाव टाका. तिथे दोन कामूरास्का येतील. एक नगरपालिका, एक एमआरसी. आकडा सहाशेच्या जवळ असेल तर गाव, एकवीस हजारांच्या जवळ असेल तर एमआरसी. ही पहिली खात्री.

आता वाचायचं कसं?

तुलना वरून खाली करा. २०२१ मध्ये क्यूबेक प्रांत ८५ लाख, बा-सँ-लोराँ दोन लाखांच्या आसपास, एमआरसी एकवीस हजार, गाव सहाशे. एमआरसीतल्या ला पोकातिएरमध्ये चार हजारांच्या आसपास आणि सँ-पास्कालमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास माणसं राहतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त या दोन ठिकाणीच. उरलेल्या पंधरा नगरपालिका सरासरी नऊशेच्या. तेव्हा कामूरास्का नावाने मोठं, वस्तीने आपल्याच एमआरसीत लहान. मोठ्या सोयी कुठे असतील, हे या एका ओळीवरून कळतं.

टक्क्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. सहाशेच्या गावात बारा माणसं गेली की दोन टक्के घट. दोन कुटुंबं आणि एक आजीबाई, झाले बारा. ‘गाव ओस पडतंय’ किंवा ‘गाव भरतंय’ असं एका जनगणनेवरून म्हणू नये. निदान तीन जनगणना शेजारी ठेवा.

छोट्या गावांचे बहुतेक आकडे गोपनीयतेसाठी ० किंवा ५ वर नेऊन छापतात. म्हणून बेरजा जुळत नाहीत. त्यात कुणाची चूक नाही. एखाद्या गावात मराठी बोलणारी दोनच माणसं असतील, तर तक्त्यात ती शून्यही दिसू शकतात, नाहीतर पाच. आम्ही दोघं कुठल्या तरी रकान्यात शून्य आहोत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थोडं लागलं होतं. शिक्षण, स्थलांतर हे प्रश्न तर दर चार घरांपैकी एकालाच विचारतात. एवढ्या गावात म्हणजे सत्तरेक घरं. तिथल्या आकड्यांकडे अंदाज म्हणूनच पाहा.

आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी दोन ओळी : ‘एकूण खासगी घरं’ आणि ‘कायम राहणाऱ्यांची घरं’. पहिल्यातून दुसरी वजा करा. उरतात ती बंद, हंगामी किंवा भाड्याने फिरणारी घरं. पर्यटनाच्या गावात हा फरक मोठा असतो. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या घरी मोजते, त्यामुळे जुलैत अव्हेन्यू मोरेलवर दिसणारी गर्दी तक्त्यात कुठेच नाही. जुलैत गाव पाहून ‘किती जिवंत आहे’ म्हणून घर घेऊ नका. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी या आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा.

पाच वर्षांच्या मधला आकडा हवा असेल तर क्यूबेकची सांख्यिकी संस्था दरवर्षी अंदाज काढते. जुने आकडे जोडताना मात्र सांभाळा : एकेकाळी गाव आणि भोवतालची पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला भाग) अशा दोन वेगळ्या नगरपालिका इथे होत्या, पुढे त्या एक झाल्या. एकाच बाजूचा जुना आकडा घेतलात तर गाव अचानक वाढल्यासारखं दिसेल.

पायरी ६ : आकड्यांमागची माणसं

गावकऱ्याला कामूरास्क्वा, बाईला कामूरास्क्वाझ. घरची भाषा जवळजवळ सगळ्यांची फ्रेंच, आणि कान तयार व्हायला वेळ लागेल अशी. पॅरिसचं फ्रेंच शिकून आलेल्यालाही पहिल्या महिन्यात धाप लागते. सरकारी फ्रेंचवर्गांसाठी जून २०२३ पासून ‘फ्राँसिझासिओं केबेक’ हे एकच दार आहे. ऑनलाइन वर्गही असतात. येण्याआधीच नाव नोंदवा.

बा-सँ-लोराँ हा क्यूबेकमधल्या सगळ्यात वयस्क विभागांपैकी आहे. तरुण शिकायला शहरात जातात, काही परत येतात, आणि निवृत्त माणसं नदी पाहत म्हातारपण काढायला येतात. दाराबाहेरच्या नावांच्या पाट्या पाहिल्या तर ऊएले, मिशो, पेलत्ये, लेव्हेक पुन्हा पुन्हा येतात. आडनाव एक म्हणून नातं असेलच असं नाही, पण कुणाबद्दल वेडंवाकडं बोलण्याआधी असेल असं धरून चाला.

गाव एवढं लहान का राहिलं, याचं एक उत्तर आगगाडीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कामूरास्का मोठं ठिकाण होतं, इथे न्यायालय होतं, पाहुणे हवापालटाला बोटीने येत. १८६० मध्ये रेल्वे रिव्हिएर-द्यु-लूपर्यंत पोहोचली ती काठाने न येता आतून, सँ-पास्कालवरून. व्यापार रुळांकडे गेला. न्यायालयही पुढे रिव्हिएर-द्यु-लूला गेलं. जे मागे राहिलं ते म्हणजे वळणदार वळचणीची देखणी लाकडी घरं. या छपराला क्यूबेकभर कामूरास्काचं छप्पर म्हणतात. मात्र १७५९ च्या आधीचं फारसं शोधू नका. त्या सप्टेंबरात ब्रिटिश सैन्याने हा काठ जाळत नेला.

दुसरं उत्तर कायद्यात आहे. १९७८ च्या कायद्याने क्यूबेकची शेतजमीन राखीव केली. गावाभोवतीच्या शेतात घर बांधायला सहजी परवानगी मिळत नाही. मला हा कायदा पटतो. खारेपाटातली भातशेती डोळ्यांसमोर भरावाखाली गेलेली मी पाहिली आहे. पण त्यामुळे भाड्याची घरं कमी. सहा महिने आधी शोधायला लागा, आणि शेजारच्या गावांतही शोधा.

पायरी ७ : रोजचं वर्तुळ आखा

कागदावर तीन वर्तुळं काढा. आठ-दहा किलोमीटरवर सँ-पास्काल : किराणा, बँक, दवाखाना. तीस-पस्तीस किलोमीटरवर ला पोकातिएर : रुग्णालय, महाविद्यालय, १८५९ पासूनची शेतकी शिक्षणाची परंपरा आणि मेट्रोचे डबे बनवणारा कारखाना. दुसऱ्या दिशेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर रिव्हिएर-द्यु-लू : मोठं रुग्णालय, मोठी दुकानं, पलीकडच्या काठाला जाणारी फेरीबोट. हॅलिफॅक्सची आगगाडी ला पोकातिएरला थांबते, पण आठवड्यातून मोजक्याच दिवशी आणि मध्यरात्री. स्वतःची गाडी लागणारच. १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर सक्तीचे आहेत. गॅरेजची वेळ ऑक्टोबरातच घ्या. हिंग, पोहे, तूरडाळ मॉन्ट्रियलहून आणावी लागते.

आल्यावर पहिल्या महिन्यात नगरपालिकेच्या सभेला जा. महापौर आणि सहा नगरसेवक महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर बसतात, आणि नागरिकांच्या प्रश्नांसाठी वेळ राखलेला असतो. बोलला नाहीत तरी चालेल. सभेनंतर कुणीतरी येऊन विचारेलच की तुम्ही कोणत्या राँवर राहता.

आणि येण्याचा महिना निवडता येत असेल तर सप्टेंबरअखेर निवडा. पर्यटक परतलेले असतात, वामेची कुंपणं उभी असतात, रस्ते अजून कोरडे असतात, आणि बर्फ पडायच्या आत लाकडं, टायर, फटी सगळं उरकायला सहा-सात आठवडे हातात असतात. भरतीची वेळ बघून एकदा काठावर जाऊन या. आईला मी आता व्हिडिओ कॉल तिथूनच लावते. झडप उघडून पाणी जाताना पाहिलं की ती दर वेळी विचारते, ‘उघाडी लाकडाची आहे का गं अजून?’